डिजिटल सिग्नल प्रोसेसिंगसाठी अभ्याससाहित्य कसे निवडावे

डिजिटल सिग्नल प्रोसेसिंग म्हणजेच डीएसपी (ध्वनी, कंपन यांसारख्या सिग्नलचे नमुने घेऊन त्यांवर संगणकाने प्रक्रिया करणे) या विषयाच्या साहित्याची आज टंचाई नाही. नामांकित संस्थांच्या संपूर्ण व्याख्यानमाला, मोफत वाचता येणारी पुस्तके आणि चालवून पाहता येतील असे प्रोग्राम घरबसल्या मिळतात. अडचण येते ती निवडताना. कोल्हापूर परिसरातील अभियांत्रिकी महाविद्यालयांत तिसऱ्या वर्षाला असलेला विद्यार्थी सेमिस्टरच्या आरंभी चार-पाच पुस्तकांच्या पीडीएफ आणि दोन-तीन व्याख्यानमाला जमवतो. ही सगळी साधने सिग्नलच्या वर्गीकरणापासूनच सुरू होत असल्यामुळे पुढे परीक्षा जवळ येईपर्यंत त्याचे वर्गीकरण पाच वेळा वाचून झालेले असते आणि फिल्टर डिझाइनला मात्र हात लागलेला नसतो. म्हणून एक मुख्य पुस्तक, त्याला समांतर एक व्याख्यानमाला आणि एक सॉफ्टवेअर एवढेच प्रथम निवडावे, आणि ही निवड कोणाच्या शिफारशीपेक्षा स्वतः घेतलेल्या चाचणीवर करावी, असे मी सुचवतो. ती चाचणी कशी घ्यावी, हाच या लेखाचा विषय आहे.

प्रयोजन आधी ठरवावे

या विषयाकडे वळणारे लोक साधारणपणे तीन प्रकारचे असतात आणि तिघांना एकच पुस्तक सुचवणे योग्य नाही. पहिला अर्थातच परीक्षार्थी. त्याच्या अभ्यासक्रमात डीएफटी (सिग्नलमधील वारंवारता काढण्याचे गणित), रॅडिक्स-दोन एफएफटी (तेच जलद काढण्याची रीत), ओव्हरलॅप-ॲड आणि ओव्हरलॅप-सेव्ह (लांब सिग्नल तुकड्यांनी फिल्टर करण्याच्या पद्धती), विंडो पद्धतीने एफआयआर फिल्टर (फक्त इनपुट वापरणारा), बायलिनिअर ट्रान्सफॉर्मने आयआयआर फिल्टर (मागील आउटपुटही वापरणारा) आणि मर्यादित शब्दलांबीचे परिणाम हे घटक बहुधा असतात, आणि त्याला ही उदाहरणे हाताने सोडवता येणे आवश्यक असते. दुसरा म्हणजे शिवाजी उद्यमनगरात किंवा गोकुळ शिरगाव, शिरोली येथील औद्योगिक वसाहतींत काम करणारा अभियंता. मोटरचे किंवा बेअरिंगचे कंपन मोजून यंत्राची अवस्था ओळखावी, हा त्याचा हेतू असतो. त्याला एफएफटी हाताने काढण्याचे कारण नाही, पण आलेखातील कोणत्या शिखरावर विश्वास ठेवावा हे नेमके कळायला हवे. तिसरा संगीताकडून येतो. देवल क्लबच्या मैफली ऐकत वाढलेल्या या शहरात तंबोऱ्याचा स्वर किंवा गायकाची मींड संगणकावर तपासून पाहावी असे वाटणारे लोक थोडे नाहीत.

आपण यांपैकी कोण आहोत हे ठरवल्यानंतर एक वाक्य कागदावर लिहावे: हा अभ्यास संपल्यावर मला नेमके काय करता आले पाहिजे? ‘डीएसपी समजले पाहिजे’ हे उत्तर चालणार नाही. ‘१४४० आरपीएमच्या मोटरचे कंपन नोंदवून २४ हर्ट्‌झचा घटक आणि त्याच्या पटी ओळखता आल्या पाहिजेत’ किंवा ‘दिलेल्या अटींवरून बटरवर्थ फिल्टर काढून त्याचा आलेख तपासता आला पाहिजे’ असे उत्तर हवे. पुढची प्रत्येक निवड याच वाक्याशी ताडून पाहायची आहे.

गणिताची छोटी परीक्षा

पुस्तक कठीण वाटते तेव्हा दोष बहुधा पुस्तकाचा नसतो, गणिताची उजळणी राहून गेलेली असते. कोणतेही साहित्य निवडण्यापूर्वी चार गोष्टी कोऱ्या कागदावर करून पाहाव्यात. कोसाइन हे दोन संमिश्र घातांकी फलांच्या बेरजेच्या रूपात लिहावे. मर्यादित गुणोत्तर श्रेढीची बेरीज, गुणोत्तर संमिश्र संख्या असताना, काढावी. एका परिमेय फलाचे आंशिक अपूर्णांक करावेत. आणि दोन संमिश्र संख्यांचा गुणाकार मापांक व कोन वापरून करावा. डीएफटीचे बहुतेक सिद्धांत दुसऱ्या गोष्टीवर उभे आहेत आणि व्यस्त झेड ट्रान्सफॉर्म (सिग्नलच्या बीजगणिती रूपावरून मूळ अनुक्रम परत काढणे) तिसरीवर.

यांतील दोन गोष्टी अडल्या तर दोन आठवडे अभियांत्रिकी गणिताच्या आपल्याच जुन्या पुस्तकाला द्यावेत. नवीन, अधिक सोपे डीएसपीचे पुस्तक शोधत राहण्याने ही उणीव भरून निघत नाही. ज्याचा सिग्नल्स अँड सिस्टिम्स हा आधीचा विषयच कच्चा राहिला आहे, त्याने मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या ओपन कोर्सवेअरवरील ॲलन ओपनहाइम यांची १९८७ मधील त्या विषयावरची व्याख्याने पाहावीत. ती मोफत आहेत.

मुख्य पुस्तक कोणते

ओपनहाइम आणि शेफर यांचे पुस्तक १९७५ मध्ये प्रथम आले आणि १९८९ पासून ते नव्या नावाने आणि विस्ताराने मिळते. सिद्धांताची मांडणी काटेकोर हवी असेल, पुढे एम.टेक. किंवा संशोधनाचा विचार असेल, तर हेच मुख्य पुस्तक धरावे. मात्र ते घाईत वाचण्याचे पुस्तक नव्हे. प्रोआकिस आणि मॅनोलाकिस यांच्या पुस्तकात सोडवलेली उदाहरणे भरपूर आहेत आणि त्याचा क्रम आपल्याकडील अभ्यासक्रमांशी बऱ्यापैकी जुळतो, म्हणून परीक्षार्थीला मी हेच आधी सुचवेन. संजित मित्रा यांचे पुस्तक मॅटलॅब या गणनेच्या सॉफ्टवेअरच्या साहाय्याने पुढे जाते. ज्याला प्रत्येक संकल्पना लगेच संगणकावर पाहायची आहे त्याला ते मानवते.

स्टीव्हन स्मिथ यांचे १९९७ चे मार्गदर्शक पुस्तक संकेतस्थळावर प्रकरणवार मोफत उपलब्ध आहे, आणि उद्यमनगरातील अभियंत्यासाठी त्याहून चांगली सुरुवात मला माहीत नाही. गणित कमीत कमी ठेवून फिल्टर प्रत्यक्षात कसा वागतो हे ते सांगते. पण याच गुणामुळे ते परीक्षार्थीच्या उपयोगाचे राहत नाही: संमिश्र संख्या त्यात तिसाव्या प्रकरणात येतात आणि झेड ट्रान्सफॉर्म तेहेतिसाव्यात, तर महाविद्यालयात झेड ट्रान्सफॉर्म येत असल्याचे गृहीत धरूनच तास सुरू होतात. शिवाय त्यातील प्रोग्राम बेसिक भाषेत आहेत. ते समजायला सोपे असले तरी पायथनमध्ये स्वतः लिहून घ्यावे लागतात. तो मला तोटा वाटत नाही.

संगीताकडून येणाऱ्याने ॲलन डाउनी यांच्या पायथनवर आधारलेल्या मोफत पुस्तकापासून आरंभ करावा. त्यात पहिल्या प्रकरणापासून ध्वनी ऐकत आणि त्याचा वर्णपट पाहत पुढे जायचे असते. झेड ट्रान्सफॉर्म त्यात नाही, त्यामुळे आयआयआर फिल्टरपर्यंत जायचे झाल्यास दुसरे पुस्तक लागेलच.

आता लोकल ऑथरच्या पुस्तकांविषयी. पुण्याहून येणारी, विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाप्रमाणे युनिटवार छापलेली ही पुस्तके प्राध्यापक नाकारतात आणि विद्यार्थी आवर्जून विकत घेतात. दोघांचेही काही अंशी बरोबर आहे. प्रश्न कसा विचारला जातो, किती पायऱ्या लिहिल्यावर पूर्ण गुण मिळतात आणि एफएफटीची बटरफ्लाय आकृती कशी काढावी, हे तिथे सर्वांत लवकर समजते. परंतु एखादी पायरी का घेतली, हे तिथे सहसा सापडत नाही आणि छपाईतील चुका तपासल्याशिवाय पुढे जाता येत नाही. सरावासाठी ते जवळ ठेवावे. मुख्य पुस्तक म्हणून नको. महाविद्यालय स्वायत्त असेल तर जुन्या अभ्यासक्रमावर बेतलेली प्रत वरच्या वर्गातील विद्यार्थ्याकडून स्वस्तात घेण्यापूर्वी युनिट जुळतात का, एवढे पाहावे.

चाचणीचे तीन प्रश्न

पुस्तक विकत घेण्यापूर्वी ते महाविद्यालयाच्या ग्रंथालयात किंवा, तेथे प्रवेश असल्यास, शिवाजी विद्यापीठाच्या बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयात बसून पुढील तीन ठिकाणी उघडावे. प्रस्तावना आणि पहिले प्रकरण वाचून काहीच ठरत नाही, कारण ती सर्वच पुस्तकांत चांगली असतात.

पहिले ठिकाण सॅम्पलिंगचे. सेकंदाला ८००० नमुने घेतले असताना ७००० हर्ट्‌झचा स्वर १००० हर्ट्‌झचा म्हणून दिसतो. हे पुस्तकात नुसते सूत्राने सांगितले आहे, की आकृती काढून आणि एडीसीच्या (ॲनालॉग सिग्नलचे आकडे करणाऱ्या भागाच्या) आधी ॲनालॉग फिल्टर का लागतो हे सांगून, ते पाहावे. नमुने घेतल्यानंतर ही चूक कोणत्याही प्रोग्रामने दुरुस्त होत नाही, हे वाक्य कोणत्या ना कोणत्या रूपात तिथे असले पाहिजे.

दुसरे ठिकाण वर्तुळाकार कॉन्व्होल्युशनचे. कॉन्व्होल्युशन म्हणजे एक अनुक्रम उलटवून दुसऱ्यावर सरकवत गुणाकारांची बेरीज करणे; वर्तुळाकारात टोकाबाहेर गेलेला भाग सुरुवातीला येऊन मिसळतो. ५ आणि ४ लांबीच्या दोन अनुक्रमांचे रेषीय कॉन्व्होल्युशन ८ लांबीचे होते. तेच पाच बिंदूंच्या डीएफटीने काढले तर पहिले तीन बिंदू बिघडतात आणि उरलेले दोन बरोबर येतात. कोणते बिंदू बिघडतात आणि का, हे जे पुस्तक स्पष्ट करते त्यातून ओव्हरलॅप-सेव्ह ही पद्धत पाठ न करता समजते, कारण बिघडलेले बिंदू टाकून देणे हेच तिचे सार आहे. जे पुस्तक थेट कृतीच्या पायऱ्या देते त्यातून ती फक्त पाठ होते आणि तोंडी परीक्षेत पहिल्याच उपप्रश्नाला गळून पडते.

तिसरे ठिकाण सर्वांत महत्त्वाचे आणि तेथेच बहुतेक साहित्य उणे पडते: वारंवारतेची विभेदनक्षमता (जवळच्या दोन वारंवारता वेगळ्या ओळखण्याची क्षमता) आणि शून्ये जोडून लांबी वाढवणे. काळी एक या पट्टीत लावलेल्या तंबोऱ्याचा षड्ज सुमारे १३८.६ हर्ट्‌झचा असतो आणि त्यावरचा कोमल रिषभ, १६:१५ या गुणोत्तराने, सुमारे १४७.८ हर्ट्‌झचा. सेकंदाला ४४१०० नमुन्यांच्या नोंदीतील १०२४ नमुन्यांची एफएफटी घेतली तर दोन लगतच्या बिंदूंत सुमारे ४३ हर्ट्‌झचे अंतर राहते आणि दोन्ही स्वर ‘३’ या एकाच निर्देशांकाच्या बिंदूजवळ पडतात. आता त्या १०२४ नमुन्यांना शून्ये जोडून लांबी १६३८४ केली तर आलेख गुळगुळीत दिसतो, बिंदूंमधील अंतर २.७ हर्ट्‌झवर येते, पण एकत्र वाजणारे हे दोन स्वर तरीही वेगळे होत नाहीत; कारण मुळात नोंदच सुमारे ०.०२३ सेकंदाची आहे आणि ९.२ हर्ट्‌झचा फरक ओळखायला ती निदान ०.११ सेकंदाची हवी, हॅन विंडो (नोंदीची टोके हळूहळू शून्यावर आणणारा गुणक) लावली तर साधारण दुप्पट. यंत्राच्या कंपनालाही हाच नियम लागू होतो: २४ हर्ट्‌झची मोटर आणि शेजारच्या यंत्राचे २५ हर्ट्‌झचे कंपन वेगळे पाडायचे असेल तर एका सेकंदाहून अधिक काळ नोंद घेण्यावाचून गत्यंतर नाही. शून्ये जोडल्याने विभेदनक्षमता वाढते असे जे पुस्तक, व्हिडिओ किंवा संकेतस्थळ निःसंदिग्धपणे सांगते ते तिथेच बंद करावे. प्रश्नांची उत्तरे देणाऱ्या चॅटबॉटलाही हाच प्रश्न आधी विचारावा आणि मिळालेले उत्तर स्वतः प्रोग्राम चालवून पडताळावे.

दोन साधने एकत्र वापरताना

एक मुख्य पुस्तक धरावे असा आग्रह मी करतो, त्यामागे वेळेची बचत हे एकच कारण नाही. या विषयात चिन्हांचे आणि एककांचे संकेत पुस्तकागणिक बदलतात, आणि नवशिक्याला त्याची सूचना कोणी देत नाही.

सेकंदाला ८००० नमुने आणि १००० हर्ट्‌झचा कटऑफ (जिथून फिल्टर रोखू लागतो ती वारंवारता) घ्या. रेडियन प्रति नमुना या एककात तो पाय छेद चार, म्हणजे ०.७८५ होतो. स्मिथ यांच्या पुस्तकात सॅम्पलिंग वारंवारतेचा अंश म्हणून तो ०.१२५ लिहिला जाईल. मॅटलॅब आणि सायपाय (पायथनचा वैज्ञानिक फलसंग्रह) यांना, सॅम्पलिंग वारंवारता वेगळी सांगितली नाही तर, तोच ०.२५ असा द्यावा लागतो. एका ठिकाणचा आकडा दुसऱ्या ठिकाणी घातल्यास प्रोग्राम बहुधा कोणतीही तक्रार करत नाही. तो बिनबोभाट चुकीचा फिल्टर तयार करून देतो.

सहगुणकांचा घोटाळा याहून वाईट आहे. नवे आउटपुट म्हणजे मागील आउटपुटाची ०.९ पट अधिक सध्याच्या इनपुटाची ०.१ पट, असा साधा लो-पास फिल्टर घेतला तर स्मिथ यांच्या पद्धतीत इनपुटचे सहगुणक ‘ए’ आणि आउटपुटचे ‘बी’ असून दोन्ही अधिक चिन्हाने येतात. प्रोआकिस यांच्या पुस्तकात आणि सायपायमध्ये ही अक्षरे नेमकी उलट आहेत आणि आउटपुटच्या सहगुणकांपुढे उणे चिन्ह आहे, त्यामुळे तिथे उणे ०.९ लिहावे लागते. चिन्ह चुकून अधिक राहिले तर फिल्टरचा ध्रुव (जिथे त्याच्या सूत्राचा छेद शून्य होतो ती जागा) उणे ०.९ वर जातो, फिल्टर स्थिरच राहतो आणि लो-पासच्या जागी हाय-पास होऊन बसतो. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर मुख्य पुस्तकातील संकेत लिहून ठेवावेत आणि दुसरे काहीही उघडताना त्याचे संकेत शेजारच्या रकान्यात नोंदवावेत. सूत्रांत डीएफटीचा निर्देशांक शून्यापासून असतो, पायथनमध्येही शून्यापासून, पण मॅटलॅब आणि त्यासारख्याच मोफत ऑक्टेव्ह व सायलॅबमध्ये एकपासून. हीही नोंद त्याच पानावर असावी.

व्याख्याने

एनपीटीईएल या, आयआयटी आदी संस्थांच्या मोफत व्याख्यानांच्या संकेतस्थळावर आयआयटी मुंबईचे प्रा. विक्रम गद्रे आणि आयआयटी दिल्लीचे प्रा. एस. सी. दत्ता रॉय यांच्या डीएसपीवरील व्याख्यानमाला आहेत. दत्ता रॉय फळ्यावर सावकाश आणि क्रमाने पुढे जातात. गद्रे संकल्पनेमागचे कारण आधी मांडतात. दोन्हींमधील कॉन्व्होल्युशनचे किंवा सॅम्पलिंगचे एकेक व्याख्यान ऐकून ज्यांची गती आपल्याला झेपते त्यांची माला घ्यावी आणि दुसरी सोडून द्यावी. ओपनहाइम यांची १९७५ मधील डीएसपीची व्याख्यानेही ओपन कोर्सवेअरवर आहेत. चित्रीकरण जुने आहे, पण ज्याचे मुख्य पुस्तक ओपनहाइम-शेफर आहे त्याला ती अचूक जुळतात. ध्वनी हाच ज्याचा विषय आहे त्याने झेव्हिअर सेरा यांचा संगीतासाठीच्या ध्वनिप्रक्रियेवरील कोर्सेरावरचा अभ्यासक्रम पाहावा.

एनपीटीईएलच्या अभ्यासक्रमात भाग घेण्यास शुल्क नाही. शुल्क लागते ते केवळ केंद्रावर होणाऱ्या प्रमाणपत्र परीक्षेस. प्रमाणपत्र नको असले तरी साप्ताहिक असाइनमेंट सोडवाव्यात, कारण नुसते व्याख्यान ऐकून समजल्याचा जो भास होतो तो तेथे लगेच ओसरतो.

सॉफ्टवेअर आणि स्वतःची नोंद

महाविद्यालयाकडे मॅटलॅबचा परवाना असेल तर प्रॅक्टिकलला ते वापरावे. घरी त्यासाठी पैसे खर्च करण्याची गरज नाही. ऑक्टेव्हमध्ये मॅटलॅबचे बहुतेक प्रोग्राम चालतात, फक्त सिग्नल हे पॅकेज वेगळे लोड करावे लागते. पायथन, नमपाय, सायपाय आणि मॅटप्लॉटलिब ही चौकट पुढे नोकरीतही उपयोगी पडते, म्हणून नव्याने आरंभ करणाऱ्याने तीच घ्यावी. इंटरनेटवर सापडलेला जुना पायथन प्रोग्राम विंडोच्या ओळीवर अडला तर घाबरू नये: सायपायच्या नव्या आवृत्त्यांत विंडोची फले वेगळ्या उपविभागात हलवली आहेत. इंग्रजीतून सॉफ्टवेअर शिकणे जड जात असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात सायलॅबची प्रशिक्षणे मराठी निवेदनासह मिळतात. तेथीलच फॉसी प्रकल्पाने अनेक पाठ्यपुस्तकांतील सोडवलेली उदाहरणे सायलॅबमध्ये करून ठेवली आहेत. उत्तर पडताळण्यासाठी ती उत्तम, पण जर्नलमध्ये उतरवून काढण्यासाठी ती वापरली तर मेहनत वाचते आणि विषय जिथल्या तिथे राहतो.

निवडलेल्या साहित्यातील तयार सिग्नलवर थांबू नये. तंबोऱ्याची नोंद फोनवर घ्यायची असल्यास डब्ल्यूएव्ही स्वरूपात साठवणारे ॲप घ्यावे आणि आवाज आपोआप स्वच्छ करण्याची सोय बंद करावी. व्हॉट्सॲपच्या व्हॉइस नोटमध्ये ध्वनी संकुचित होतो, म्हणून फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवावी. कंपनासाठी आखेन येथील विद्यापीठाचे फायफॉक्स हे मोफत ॲप फोनच्या ॲक्सिलरोमीटरची नोंद घेऊन ती संगणकावर नेण्याजोगी देते. फोन सेकंदाला १०० नमुने घेत असेल तर ५० हर्ट्‌झच्या आतील घटकच भरवशाचे, त्यामुळे मोटरचे २४ हर्ट्‌झ सापडतील, बेअरिंगमधील दोषाची उच्च वारंवारता सापडणार नाही.

विकासबोर्ड (प्रोग्राम चालवण्याचा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) सर्वांत शेवटी घ्यावा, तोही एफआयआर फिल्टर संगणकावर नीट चालल्यानंतरच. आर्डुइनो उनो आर३ चा एडीसी १० बिटचा आहे आणि नेहमीच्या सूचनेने एका नमुन्याला सुमारे १०० मायक्रोसेकंद घेतो. कंपनाच्या ओळखीपुरता तो चालेल, ध्वनीसाठी तोकडा पडेल. कॉर्टेक्स-एम४ वर आधारलेले एसटीएम३२ बोर्ड अधिक योग्य, कारण त्यांच्यासाठी सीएमएसआयएस-डीएसपी हे तयार फलसंग्रह मोफत मिळते. कोणताही बोर्ड घेतला तरी सेन्सर आणि एडीसी यांच्यामध्ये ॲनालॉग लो-पास फिल्टर आपणच बसवायचा असतो, आणि जे मार्गदर्शक सेन्सरची तार थेट पिनला जोडून वर्णपट काढायला सांगते, ते बाजूला ठेवून मुख्य पुस्तकातील सॅम्पलिंगचे प्रकरण पुन्हा काढावे.